सिस्टरांच्या चौदा सुया

मुलुंड पूर्वेच्या एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर सिस्टरांचं दार होतं आणि दारावर खडूने लिहिलेली सूचना: 'उपाशीपोटी येऊ नये. आल्यास खावं लागेल.' मला तो पाहुणचार वाटला होता. ती धमकी आहे हे पहिल्याच दिवशी कळलं. सकाळी साडेसातला मी नुसत्या चहावर गेले होते. सिस्टरांनी मला जीभ काढायला लावली, ती उजेडात नीट बघितली आणि आत जाऊन दोन घावणे आणि गुळाचा खडा घेऊन आल्या.

"खा. उपाशी माणसाक सुई टोचली की ता गरगरता. मग माका उचलूक लागता. माझी कंबर धड नाय."

मी खाल्लं. सिस्टरांपुढे 'नको' म्हणणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

सिस्टर म्हणजे कुठल्याही मठाच्या सिस्टर नव्हेत. एका मोठ्या पालिका रुग्णालयात ऑपरेशन थिएटरच्या परिचारिका म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षं रीतसर शिकून त्यांनी अॅक्युपंक्चर सुरू केलं. कारण विचारलं तर म्हणायच्या, "थिएटर सुटलं आणि हात रिकामे झाले. रिकाम्या हाताचं माणूस भिंतीशी बोलायला लागतं." घरात त्या एकट्याच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो असतानाही त्यांना सिस्टरच म्हणायचा असं त्या सांगायच्या, आणि हे सांगताना लाजायच्या. त्या लाजतात ही गोष्ट एरवी कुणी मान्य केली नसती.

माझा उजवा खांदा आखडला होता. हात कोपरापर्यंत माझा आणि त्याच्यावर कुणा परक्याचा, अशी अवस्था. वेणी घालता येत नव्हती, ब्लाउजचे हूक लावता येत नव्हते. रोज सकाळी नवरा माझ्या केसांना क्लचर लावायचा, आणि तो तिरका लागला की मी त्याच्यावर डाफरायची. हाडांच्या डॉक्टरांनी व्यायाम दिले होते आणि वर्ष-दीड वर्ष धीर धरायला सांगितलं होतं. धीर हा माझा प्रांतच नाही. त्यातून मी विमा कंपनीत क्लेम तपासते, म्हणजे लोक थापा मारतात या गृहीतावरच माझा पगार चालतो. तेव्हा सुया टोचून खांदा सुटतो यावर माझा किती विश्वास असेल ते समजून घ्या. मी गेले ती फक्त घरातल्यांची बोलणी संपावीत म्हणून.

सिस्टरांनी माझ्या दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले.

"सकाळी कोणावर ओरडलीस?"

"कुणावर नाही."

"नाडी तसा सांगत नाय."

"...नवऱ्यावर."

"हां," म्हणाल्या आणि पहिली सुई माझ्या नडगीत घातली.

"सिस्टर, दुखतोय खांदा."

"माका शिकवतंस? नळ वरच्या मजल्यावर गळतो म्हणून वरच्याच मजल्यावर पाणी बंद करतात काय?"

सुई दुखत नाही. म्हणजे टोचताना डास चावल्याइतकंच कळतं. मग आत कुठेतरी एक बोथट, जड कळ उठते आणि झिणझिणत पावलापर्यंत जाते. सिस्टर तेवढ्यासाठी थांबायच्या. "आली?" विचारायच्या. आली म्हटलं की पुढची. मनगटाजवळ दोन, खांद्याभोवती पाच, आणि सगळ्यात शेवटी एक टाळूवर, केसांच्या भांगात. मग वीस मिनिटं पडून राहायचं. या वीस मिनिटांत आजाराबद्दल चकार शब्द काढायचा नाही हा नियम होता. शेजारच्या पलंगावर पडद्यापलीकडे कुणी कण्हायला लागलं की सिस्टर ओरडायच्या, "इथे दुखणं आणायचं, त्याच्या गोष्टी नाही! भाजी काय केलीस ते सांग!" मी कितीतरी वेळा अंगात सुया घेऊन मुळ्याच्या पाल्यावर चर्चा केली आहे आणि बोलता बोलता घोरले आहे.

बरं करण्याची हमी त्या कधी देत नसत. "मी फक्त दार वाजवते. आतल्याने उघडलं तर उघडलं. सहा वेळा वाजवून नाही उघडलं तर तू दुसरं घर बघ." वर डॉक्टरांचे व्यायाम चुकवले की शिव्या. भिंतीवर बोटं किती वर चढली ते दर वेळी पेन्सिलीने खूण करून दाखवावं लागायचं. त्यांच्या बाहेरच्या भिंतीवर सगळ्या आखडलेल्या खांद्यांच्या अशा खुणा होत्या, शाळेत मुलांची उंची मोजतात तशा.

एकदा एक निवृत्त बँकवाले काका जबडा आणि डावा हात दुखतो म्हणून आले. सिस्टरांनी त्यांच्याकडे बघितलं, मनगट धरलं आणि ते लगेच सोडलं. "चपला काढू नका." काकांना तसंच रिक्षात घातलं, स्वतः शेजारी बसल्या आणि इस्पितळात सोडून आल्या. काकांच्या हृदयात दोन स्टेंट बसले. महिन्याभराने काका पेढे घेऊन आले, तर सिस्टर म्हणाल्या, "हां, आता चपला काढा. आता सुईचं बघू." तेव्हापासून काका त्यांचे भक्त. गुडघा दुखत नसला तरी यायचे.

त्यांच्याकडे सुईखेरीज आणखीही प्रकार होते. पाठीवर काचेचे पेले लावायचे, ते चामडी वर ओढून घ्यायचे आणि मग आठवडाभर पाठीवर जांभळे गोल दिसायचे. भाचीच्या लग्नात माझ्या खोल गळ्याच्या ब्लाउजमधून ते चार गोल सगळ्या वऱ्हाडाने पाहिले, आणि माझ्या नवऱ्याकडे लोक संशयाने बघू लागले. दुसरा प्रकार धुरीचा. दवण्याच्या जातीतल्या कुठल्याशा पाल्याची वाळवलेली कांडी पेटवून त्या सुईजवळ धरायच्या. ऊब सुंदर लागते. वास मात्र थेट गांजाचा.

तो वास चौथ्या मजल्यापर्यंत गेला आणि सोसायटीचे सेक्रेटरी नोटीस घेऊन खाली आले. तळमजल्यावर आक्षेपार्ह पदार्थाचं सेवन चालतं अशी तक्रार होती. मी तेव्हा पलंगावर होते, म्हणजे सेवन करणाऱ्यांतली मीच. सिस्टरांनी नोटीस वाचली नाही. जिना उतरताना सेक्रेटरींचं एक पाऊल कसं अडखळत पडलं ते त्यांनी आतून ऐकलं होतं.

"उजवा गुडघा ना? किती दिवस?"

"त्याचा इथे संबंध नाही."

"जेवलात?"

अर्ध्या तासाने सेक्रेटरी साहेब विजार दुमडून, गुडघ्यावर धुरी घेत, काल केलेल्या भोपळ्याच्या भरताची कृती मला सांगत होते. नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सिस्टरांनी त्यांच्या पुढच्या तारखा लिहून दिल्या.

पण सिस्टरांचं खरं वेड मोजणीचं होतं. किती सुया घातल्या तो आकडा त्या पाटीवर लिहायच्या. शाळेतली दगडी पाटी, लाकडी चौकटीची. काढताना एकेक सुई स्टीलच्या वाटीत टाकायची, टिंग आवाज यायचा, आणि त्या आवाजाबरोबर सिस्टर आणि पेशंट दोघांनी मोठ्याने आकडा म्हणायचा. शेवटचा आकडा पाटीशी जुळला की "जुळली!" म्हणायच्या आणि पाटी पुसायच्या. मग त्या सुया कचऱ्याच्या जाड डब्यात जायच्या, पुन्हा वापरायच्या नसत.

हे त्यांनी थिएटरातून आणलं होतं. तिथे पोट शिवण्याआधी कापसाचे बोळे आणि हत्यारं मोजायची असतात. एकदा एका बड्या सर्जनना घाई होती आणि मोजणीत एक बोळा कमी भरत होता. साहेब म्हणाले, तुमची मोजणी चुकली. सिस्टर म्हणाल्या, "साहेब, जुळल्याशिवाय शिवायला दोरा देणार नाही." आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. साहेब संतापले, नोकरी घालवीन म्हणाले. सगळं थिएटर शोधलं. बोळा साहेबांच्याच बुटाखाली चिकटला होता. ही गोष्ट त्या प्रत्येक नव्या पेशंटला सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "ज्या दिवशी माझी मोजणी चुकली त्या दिवशी सुया बंद. साहेबाला एक नियम आणि मला दुसरा, असं नाही."

माझी सहावी खेप. चौदा सुया. घड्याळ वाजलं, सिस्टर काढायला लागल्या. टिंग, एक. टिंग, दोन. नऊ झाल्यावर पडद्यापलीकडच्या काकांनी काहीतरी कण्हून दाखवलं, सिस्टर तिकडे ओरडल्या, "भाजी सांगा, भाजी!" आणि परत आल्या. टिंग. दहा. मीही म्हटलं, दहा. चौदापर्यंत गेलो. "जुळली!" मी बस पकडून वांद्र्याला ऑफिसात गेले.

त्या दिवशी सगळे माझ्याशी फारच चांगले वागले. साहेब बोलताना सारखे माझ्या कपाळाच्या वर कुठेतरी बघत होते, आणि चार दिवसांची रजा मागितली तर एक प्रश्न न विचारता मंजूर केली. मला वाटलं, माझ्या कामाचा दरारा.

संध्याकाळी घरी कुकर लावताना डोकं खाजलं आणि मी खाजवलं. उजव्या हाताने! सात महिन्यांत पहिल्यांदा माझा हात टाळूला लागला होता. मी किंचाळले, "अरे, हात! हात डोक्यावर गेला!" आणि तेवढ्यात बोटांना काहीतरी बारीक, उभं, थंड लागलं.

नवरा धावत आला. माझ्याकडे बघून दारातच थांबला.

"हलू नकोस. तुझ्या डोक्यावर अँटेना आहे."

ती टाळूवरची सुई होती. सकाळपासून. तिची तांब्याची चमकती मूठ घेऊन मी तीन मीटिंगा केल्या होत्या. नवऱ्याने ती हलकेच ओढून काढली, रक्ताचा थेंबही आला नाही. हसून हसून आम्ही ओट्याला टेकलो. मग तो म्हणाला, "उद्या त्यांना सांग."

"वेडा आहेस का? सुया बंद करतील."

आणि मला सगळं आठवलं. दहावा टिंग वाटीतून आलाच नव्हता. काकांनी पडद्यापलीकडे पाण्याचा पेला स्टुलावर ठेवला होता, त्याचा तो आवाज. सिस्टरांची नजर कधीच मंदावली होती, सुई त्या बोटांनी शोधायच्या आणि मोजायच्या कानांनी. माझ्या केसांत ती त्यांना दिसलीच नसणार. मी मात्र ऐकलं होतं की आवाज जरा लांबून आला. ऐकूनही मी दहा म्हटलं होतं.

मी सांगितलं नाही. सिस्टरांचे हात रिकामे होतील म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की माझा खांदा अजून अर्धाच सुटला होता. ऑफिसात मी असल्या क्लेमवर लाल शेरा मारते.

पुढच्या खेपेला सिस्टरांना एवढंच म्हटलं, "हात टाळूपर्यंत गेला." त्या इतक्या खूश झाल्या की मला मेल्यासारखं झालं. बाहेर बाकावर काका आणि त्यांच्या शेजारी रोजच्या एक गुजराती बेन बसल्या होत्या. मला राहवेना. मी हळूच पर्समधून गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटात खोचलेली सुई दाखवली. बेननी इकडेतिकडे पाहिलं. त्यांनी आपली पर्स उघडली. चष्म्याच्या घरात, कापसावर, एक सुई.

"मेरे कान में रह गयी थी. किसीको बोलना नहीं हां."

काकांनी मान खाली घातली आणि दोन बोटं वर केली.

"दोन?"

"पोटरीत एक, पाठीत एक. पाठीतली सौ.ने काढली."

पाठीतली ऐकून माझं हसू गेलं. डोक्यातल्या सुईची गंमत होते. बरगड्यांमध्ये राहिलेल्या सुईवर माणूस पाठ टेकून बसला तर गंमत होत नाही. पण सांगायचं कुणी? ज्या बाईने सर्जनला शिवू दिलं नाही, तिला जाऊन म्हणायचं की सिस्टर, तुमचीच जुळत नाही? शेवटी आम्ही तिघांनी मध्यममार्ग काढला, म्हणजे पळवाट. प्रत्येकाने आपापल्या सुया मनात मोजायच्या, आवाजावर जायचं नाही, आणि एखादी राहिली तर म्हणायचं, "सिस्टर, इथे जरा खाजतंय." महिनाभर हे झकास चाललं. त्या महिन्यात मुलुंडमध्ये खाज फार वाढली. "काय गो, अंगाक साबण लावतंस की नाय?" सिस्टर विचारायच्या.

काकांना मात्र ते पचेना. जिने आपला जीव वाचवला तिच्या दोन सुया आपल्या कपाटात आहेत, या विचाराने त्यांना अपराध्यासारखं वाटायचं. बँकेतला माणूस, ज्याचं त्याला पोचतं केल्याशिवाय चैन नाही. एके सकाळी सिस्टर त्यांच्या पायाच्या सुया काढत असताना त्यांनी खिशातल्या दोन्ही सुया गुपचूप स्टुलावरच्या वाटीत सोडल्या. मी आणि बेन पडद्याअलीकडे आपापल्या पाळीची वाट बघत होतो. मला दोन टिंग जादा ऐकू आले.

"...सतरा. अठरा," सिस्टर म्हणाल्या आणि थांबल्या. पाटीवर सोळा होते.

मग त्यांनी वाटी खिडकीशी नेली, डोळ्यांजवळ धरली आणि बोटाने एकेक सुई बाजूला करत मोजली. अठरा.

"काका, माणसाच्या अंगात सुया उगवूक लागल्या काय?"

काका रडायलाच लागले. खोटं बोलायची सवय नाही बिचाऱ्यांना. सगळं सांगून मोकळे झाले, आमच्या नावांसकट.

सिस्टर पडदा सारून बाहेर आल्या आणि आमच्यापुढे वाटी धरली. बेननी चष्म्याचं घर उघडलं. मी गोळ्यांचं पाकीट. टिंग. टिंग. सेक्रेटरी साहेब भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं आणि त्यातून आणखी एक. ते आमच्या कटातही नव्हते.

"राहिलेल्या निघाल्या पाच," सिस्टर म्हणाल्या. "आणि तुम्ही गप बसलात. मला तोंडावर सांगायला एकालाही तोंड नव्हतं?"

"तुम्ही बंद केलं असतं," मी म्हटलं.

"मग? बंदच करायला हवं होतं. त्या साहेबाला निदान त्याच दिवशी कळलं." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मला फार लागलं. "कुणाच्या छातीत गेली असती तर तुम्ही तिथेपण खाजतंय म्हटलं असतं?"

आम्हाला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी दारावरची सूचना पुसलेली होती. बेल वाजवली तर आतून उत्तर नाही. मी रोज ऑफिसला जाताना थोडी आधी निघून तिथे थांबायची. आत पावलांचा आवाज यायचा, एका खोलीतून दुसरीत, आणि परत. मला अपराधी वाटत होतं आणि रागही येत होता, त्यांचा नाही, माझा. आठव्या दिवशी मी दाराला तोंड लावून ओरडले, "सिस्टर, मी उपाशी आलेय!"

दार उघडलं. "मेल्या कार्ट्यांनो," म्हणाल्या, मी एकटीच असूनही. आणि घावणे आणायला आत गेल्या.

मग मीच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनच्या टेबलावर पडल्या पडल्या त्यांनी तिथल्या परिचारिकेला विचारलं, "मोजणी झाली?" ती मुलगी हसली, तर म्हणाल्या, "हसू नको. मोज." पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा त्यांना माझा चेहरा नीट दिसला आणि मी वाटले होते त्यापेक्षा वयस्कर आहे असं त्यांनी मला सांगितलं.

आम्हा सगळ्यांना वाटलं, आता दिसतंय तर सुया सुरू होतील. काकांनी तसं सुचवलंही. "नाय," सिस्टर म्हणाल्या. "शब्द म्हणजे शब्द." सुयांची नवी पाकिटं त्यांनी आपल्याबरोबर शिकलेल्या घाटकोपरच्या एका बाईंना देऊन टाकली. मी मान हलवली आणि निघाले. तेवढ्यात मागून आवाज आला.

"खंय चाललंस? खांदा पुरा झाला काय? झोप."

मी झोपले. त्यांनी जीभ बघितली, दोन्ही मनगटं धरली, सकाळी कुणावर ओरडले ते विचारलं. मग स्टुलावर रिकामी वाटी ठेवली, पाटी घेतली आणि खडूने आकडा लिहिला. दहा. आणि नडगीवर, जिथे पहिली सुई घालायच्या नेमकं तिथे, अंगठा रोवला. तीच बोथट, जड कळ झिणझिणत पावलापर्यंत गेली.

"आली?"

"आली."

मनगट, खांदा, शेवटी टाळू. त्यांच्या हाताला इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. मी अर्धवट झोपेत मेथीच्या भाजीबद्दल काहीतरी बोलत होते. घड्याळ वाजलं. सिस्टरांनी दोन्ही हात माझ्या तोंडासमोर आणून बोटं पसरली.

"मोज."

"सिस्टर, आता कशाला? बोट कुणी डोक्यात विसरून जातं का?"

"मोज म्हटलं ना."

मी उठून बसले. डाव्या करंगळीपासून सुरुवात केली, एकेक बोट धरून, मोठ्याने. त्याही माझ्याबरोबर म्हणत होत्या, आणि दर आकड्याला आधी बोटाकडे आणि मग माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आठ. नऊ. दहा.

"जुळली," सिस्टर म्हणाल्या आणि पाटी पुसली.